काचेखालचा जोमेल

ढगात घरघर झाली की अत्सी स्योनच्या, म्हणजे आमच्या स्योनताईच्या, हातातलं खाली पडायचं. जे असेल ते. एकदा अंड्यांची परडी पडली, एकदा उकळत्या रश्शाचा डाव, आणि एकदा तर शेजारच्या पुरिंगचं नातवंड. ते लबाड नशिबाचं, तांदळाच्या पोत्यावर पडलं आणि तिथंच झोपी गेलं.

आमच्या ग्वाग्वा गावावरून दिवसातून चारदा लढाऊ विमानं जातात. हवाई दलाचा तळ हाकेच्या अंतरावर. कोंबड्यासुद्धा आता मान वर करत नाहीत. पण स्योन रस्त्यात! तिचा धंदा टोसिनोचा, म्हणजे डुकराचे काप साखरेत, मिठात, लसणात मुरवून विकायचे. त्यामुळे कोपरापर्यंत हात लाल. तसे लाल हात, वर मान, उघडं तोंड. आणि विमान दिसायचं नाहीच. आवाज येतो तिथं ते नसतंच मुळी, ते केव्हाच पुढं पळालेलं असतं.

त्यात तिचा एकुलता एक जोमेल बसलेला असायचा. म्हणजे कधी असायचा, कधी नसायचा. तेच तर कळायचं नाही.

फोनवर विचारलं तर पोरगं धड सांगेल तर शपथ.

"इमा, मी ठीक आहे."

इमा म्हणजे आई. आमच्याकडची पोरं चिडली की हा शब्द फार लांबवतात.

"त्या विमानाला दार कुठंय रे?"

"दार नसतं इमाऽ. वरची काच उघडते."

"मग पाऊस आला तर?"

"इमाऽऽ, मी ठेवतो."

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. दिवसभर पायाला भिंगरी आणि रात्री डोळे टक्क. पोरगं कशात बसतं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही, हे तिनं ओळखलं. तळावर आत सोडत नाहीत. मग विमानच घरी आणायचं! शिवाय पुरिंगच्या लेकीनं दुबईहून भिंतीएवढा टीव्ही पाठवला होता आणि पुरिंग येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्यापुढं उभं करून मोजमाप सांगायची. तेही कारण होतंच. मी कशाला लपवू?

तर स्योन गेली बेटिसला, कोया दुलोकडे.

कोया म्हणजे थोरला भाऊ. पण दुलोला त्याच्याहून थोरल्या बायासुद्धा कोयाच म्हणत. सत्तरीचा म्हातारा, लाकडातला जादूगार. घराण्याचं काम संतांच्या मूर्ती कोरायचं. त्यानं केलेल्या सान रोकेच्या पायाशी एक कुत्रा होता, तो मिरवणुकीत खाटकाच्या दुकानापुढं भुंकला. ऐकणारे अजून जिवंत आहेत. पुढं अमेरिकनांचा मोठा तळ होता त्या काळात एक सोल्जर फोटो घेऊन आला, "माझं विमान करून दे" म्हणाला. दुलोनं ते असं केलं, की खिडकीतून ससाणा आत शिरला आणि त्याच्याशी मारामारी करून एक पीस टाकून गेला. तेव्हापासून दुलोची सकाळ संतांची आणि दुपार विमानांची.

"कोया, माझ्या जोमेलचं विमान पाहिजे. हुबेहूब. शेपटीवर हा आकडा. आणि काचेखाली त्याचं नाव. हा घे फोटो, अक्षरं छातीवरच्या पट्टीवर आहेत, चुकवू नको."

"किती मोठं पाहिजे?"

"खरं केवढं असतं?"

दुलोनं सांगितलं. स्योननं मनातल्या मनात आपल्या घराच्या भिंती पाडून बघितल्या.

"मग जरा लहान कर."

सोळावा हिस्सा ठरला. टेबलावर आडवं ठेवलं तर दोन्ही टोकं काठाला टेकतील एवढं. महोगनीचं.

तीन महिने ते काम चाललं आणि तीन महिने स्योन एक दिवसाआड तिथं हजर. टोसिनोची पिशवी घेऊन यायची, म्हणजे म्हाताऱ्याला हाकलता येऊ नये. तरी त्यानं तीनदा हाकललं.

"पंख इतके पातळ?"

"स्योन, खऱ्याचे तसेच असतात."

"जरा जाड कर. कोण बघतंय!"

"अगं, उडायचं नाही ते!"

"उडायचं नाही तर पातळ कशाला?"

दुसऱ्या दिवशी चाकांवरून वाद. तीनच चाकं, तिनं दोनदा मोजली. साध्या टेबलाला चार पाय असतात आणि माझ्या पोराला तीन? चौथं लाव म्हणून ती दुपारभर खनपटीला बसली. दुलोनं छिन्नी खाली ठेवली, टोपी घातली आणि स्वतःच घर सोडून निघून गेला.

खरा वाद झाला तो वरच्या काचेचा. दुलोच्या सगळ्या विमानांना तिथं लाकूडच असायचं, वर निळा रंग. आत काही नाही. स्योन म्हणाली, मला आत बघायचंय, त्यासाठी तर सगळा खटाटोप. म्हाताऱ्यानं कुरकुर करत प्लास्टिकचा पत्रा भट्टीवर मऊ केला, लाकडी साच्यावर ओढला आणि पाण्यासारखी स्वच्छ काच तयार केली. मग आत खुर्ची आली. मग खुर्चीचे पट्टे आले. मग एक दिवस त्यानं विमानावर फडकं टाकलं आणि म्हणाला, "आता यायचं नाही. त्याच दिवशी बघ."

"आणखी काय राहिलंय?"

"ते त्याच दिवशी," दुलो म्हणाला आणि असा हसला, की स्योनला वाटलं, चौथं चाक लावतोय.

तो दिवस म्हणजे हवाई दलाचा वर्धापनदिन, गुरुवार. दहा वाजता चार विमानं ग्वाग्वावर अगदी खालून उडत जाणार होती. आणि ह्या खेपेला जोमेलनं आपणहून फोन केला.

"इमा, रस्त्यात उभी राहा. ह्या वेळी दिसेल. मी डावीकडून दुसरा. माझी पहिलीच वेळ आहे, सगळ्यांना सांग."

सांग म्हणायची खोटी होती होय! सकाळी नऊपासून स्योनच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ताटं भरून शेवया, तांदळाचे केक, टोसिनो. साडेनऊला दुलो आला. विमान जांभळ्या कापडात गुंडाळलेलं, उपासाच्या दिवसांत चर्चमधल्या मूर्ती झाकतात तसं. टेबलावर ठेवलं, मिशा पुसल्या आणि कापड ओढलं.

घरात एकच श्वास आत गेला. काय ते विमान! राखाडी रंग, शेपटीवर आकडा, पोटाखाली तेलाचे ओघळसुद्धा. पुरिंगचा टीव्ही त्या क्षणी वीतभर झाला. आणि काचेखाली, पट्टे आवळलेला, अंगठ्याएवढा एक माणूस. हेल्मेटमधून चेहरा दिसत होता. जोमेलचंच नाक, जोमेलचीच हनुवटीवरची खळी. काचेचे बारीक डोळे. आणि ते डोळे वर लागलेले. पापण्या अर्ध्या, बुबुळं आभाळाकडे, ओठ जरासे विलग.

"अगदी जोमेल!" कुणीतरी म्हणालं.

मागून म्हातारी तिन्यांग पुढं सरकली. तिला दिसत कमी. तिनं वाकून बघितलं, छातीवर क्रूस काढला, गुडघे टेकले आणि पिशवीतून मेणबत्ती काढून विमानापुढं लावली.

स्योनच्या हातातलं ताट पडलं. शेवया जमिनीवर.

"कोया," ती हळूच म्हणाली, "हा कोण?"

"जोमेल! दुसरा कोण? फोटो दिला होतास की. आणि चेहऱ्याचे पैसे घेत नाही, जा. तुझं टोसिनो खाल्लंय."

"त्याचे डोळे असे का?"

"असे म्हणजे? माझे डोळे असेच असतात. पन्नास वर्षं हेच डोळे करतोय. आणि वैमानिकच आहे ना, वर नाही बघणार तर काय चपला शोधणार?"

"कोया, आजवर तू कुणाकुणाचे चेहरे कोरलेस?"

"घे. सान रोके, सान सेबास्तियान, सान लोरेन्सो, सांता लुसिया, बाण लागलेले, भाजलेले, कापलेले सगळे. आमच्या पाद्रींचा एक, ते गेल्यावर. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा एक, त्या गेल्यावर."

"यातलं जिवंत कोण?"

दुलो बोटं मोजायला लागला.

"एका नगराध्यक्षाचा केला होता," तो शेवटी म्हणाला. "चांगला धडधाकट होता."

"आणि?"

"निवडणूक हरला."

"आणि?"

"मग… त्याच आठवड्यात विहिरीत पडला. पण पाणी नव्हतं ग फार!"

भिंतीवरच्या घड्याळात दहाला वीस मिनिटं कमी होती. तळावर आत्ता पोरगं शिडी चढत असेल. आणि इथं त्याचा हुतात्मा करून, पट्टे बांधून, पुढ्यात मेणबत्ती लावून ठेवलेला!

स्योननं फुंकर मारून मेणबत्ती विझवली. "काढ त्याला बाहेर."

"निघायचा नाही."

"कोया!"

"अगं, काच माझ्या गोंदानं बसवलीय! ज्वालामुखीचा चिखल आला त्या वर्षी माझं अख्खं घर वाहून गेलं आणि मी डकवलेलं खुंटाळं तेवढं हवेत तिथल्या तिथं राहिलं. तो गोंद!"

मग जी धावपळ झाली म्हणता! कुणी गरम पाणी आणलं, कुणी खोबरेल. पुरिंगनं केसातला आकडा काढून दिला, तो वाकला. अननसाचा शिरका ओतला, तर काच आणखीच चमकायला लागली आणि आतला जोमेल आणखीच स्पष्ट दिसायला लागला. पंधरा कमी. बारा कमी. स्योन पाय भाजल्या मांजरीसारखी टेबलाभोवती फिरत होती. प्रत्येक फेरीला ती काचेत बघायची आणि ते डोळे वरच.

दहा कमी असताना ती स्वयंपाकघरात गेली आणि मांस तोडायचा सुरा घेऊन आली.

दुलो आडवा विमानावर. "तीन महिने! तीन महिने डोळे फोडलेत मी! आधी मला काप!"

"वेळ असता तर कापलाच असता! सरक!"

दोघी-तिघींनी म्हाताऱ्याला पाय धरून ओढला. तो विमानाच्या नाकाला चिकटलेला, विमान टेबलावरून घसरतंय, पुरिंग किंचाळतीय. स्योननं सुरा उलटा धरला आणि पाठीनं काचेवर हाणला. एक. दोन. तिसऱ्याला काच फुटली. पण जोमेल काही सुटेना. त्याच्या बुडाखाली दुलोनं खुंटी ठोकलेली. टोसिनोच्या तेलकट बोटांत ते डोकं ठरेना. मग तिनं वाकून, मांजर पिल्लाला धरते तसा त्याला मानगुटीला दातात धरला आणि मान मागं टाकली. फट् आवाज झाला. एक दात हलला तो हललाच, पण पोरगं बाहेर!

घड्याळात चार मिनिटं कमी.

सगळे रस्त्यात धावले. अख्खा ग्वाग्वा रस्त्यात होता. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. लांबून घरघर आली, वाढली, पत्रे थरथरले आणि डोक्यावरून, अगदी चर्चच्या घंटेला वारा लागेल इतक्या खालून, विमानं गेली.

एक. मोकळी जागा. तीन. चार.

डावीकडचं दुसरं नव्हतंच. पडलेल्या दाताची फट दिसावी तशी आभाळात फट होती.

दुलोनं टोपी काढली. स्योन मूठ छातीशी धरून तशीच उभी. मुठीत तो. तिचे ओठ हलत होते, पण प्रार्थना होती का शिव्या, कळलं नाही. दहा मिनिटं गेली. आमच्याकडं माणसं म्हातारी होतात ती अशा दहा मिनिटांत.

फोन वाजला.

"इमा," जोमेल. आवाज दबलेला, रडवा. "मी निघालोच नाही ग."

"कुठंयस?"

"जमिनीवर. विमान सुरू होतं, मी बसलेलो, चार मिनिटं बाकी आणि एकदम लाल दिवा लागला. मला बाहेर काढलं. अक्षरशः मानगुट धरून उचलला, म्हणे धूर येईल. सगळं गाव बघत असेल ना? इमा? हसतीयस का तू?"

स्योन हसत नव्हती. ती रस्त्यात बसली होती आणि पुरिंग तिला आपल्या टोपीनं वारा घालत होती. घालता घालता पुरिंगची नजर त्या मुठीवर गेली आणि तिचा हात थांबला.

"अत्सी," ती म्हणाली, "तूच काढलास त्याला."

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर. दुसऱ्या दिवशी दुलोच्या दारात रांग. एकीला जहाजावरचा नवरा पाहिजे, एकीला कुवेतमधला. एक म्हणाली, माझा जावई कर आणि तो घरातून काढता आला पाहिजे.

स्योननं लाकडी जोमेलला घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं. तांदळाच्या डब्यात, खोल, वर चार मापटी तांदूळ. गुरुवारी रात्री ती बारा वर्षांत झोपली नव्हती अशी झोपली.

शुक्रवारी जोमेल विमानात बसला, लाल दिवा. उतरला, दिवा गेला. दुसरा वैमानिक बसला, विमान खुशाल उडून आलं. शनिवारी पुन्हा तेच. कारागिरांनी विमान सोलून ठेवलं, तारा मोजल्या, काही सापडेना. जोमेल बसला की दिवा, उठला की नाही.

रविवारी तो घरी जेवायला आला. दुपारी! रविवारी! स्योनला काय करू आणि काय नको. आंबट रस्सा, भरलेला मासा, आंबवलेला भात, टोसिनो तर होतंच. त्यानं भाताचा एक घास पंधरा मिनिटं चघळला.

"मंगळवारी शेवटचं बसवणार," तो म्हणाला. "नाही झालं तर मला ऑफिसात टाकणार. टेबल देणार."

"टेबल?" स्योन म्हणाली. "चार पायांचं?"

"टेबलाला चारच असतात, इमा."

तिनं घाईघाईनं तोंड रश्शाच्या भांड्यात घातलं, म्हणजे चेहरा दिसू नये. ऑफिस! पंखा, टेबल, सहा वाजता सुट्टी. दर रविवारी जेवायला. एखादी मुलगी बघता येईल. आणि त्यासाठी तिनं करायचं काय? काही नाही. तांदूळ वरून भरत राहायचं.

"पोरं माझ्या शेजारच्या बाकावर बसत नाहीत," जोमेल ताटाकडं बघत म्हणाला. "पनौती म्हणतात. हसून म्हणतात, पण बसत नाहीत."

आणि तेवढ्यात ढगात घरघर झाली.

स्योनच्या हातात डाव होता. तो पडला नाही. पहिल्यांदाच. पोरगं समोर बसलेलं, कशाला पडेल? ती शांतपणे रस्सा वाढत राहिली आणि बघते तर समोर खुर्ची रिकामी. जोमेल रस्त्यात. अनवाणी, हात खरकटे, मान वर, तोंड उघडं. कुठंच काही दिसत नव्हतं. तरी तो तसाच उभा. घरघर विरली, कावळे परत तारेवर येऊन बसले, तरी तसाच.

आत आल्यावर म्हणाला, "चारनंबरवाला होता. उजवीकडं जरा ओढतं ते." आणि हात धुऊन गेला निघून. मासा तसाच.

संध्याकाळी एकटीपुरता भात लावायला तिनं डब्यात मापटं घातलं. मापटं लाकडी जोमेलला लागलं. तिनं तो बाहेर काढला, अंगावरचे दाणे झटकले, टेबलावर ठेवला. तो छताकडं बघत बसला.

"तुझ्या बापानं मासा टाकला नव्हता कधी," ती त्याला म्हणाली. "आणि त्याला तर दात नव्हते."

तिनं त्याच्या हेल्मेटवरचा उरलेला दाणा नखानं उडवला.

"टेबलाला काय झालंय? लोक टेबलावर जन्म काढतात. टेबलावरून पडून कुणी मेलंय?"

मग तिनं त्याला पुन्हा डब्यात ठेवलं. मग काढलं. मग ठेवलं. भात करपला. पुरिंगनं भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, "अत्सी, काय जळतंय?" स्योननं ओरडून सांगितलं, "माझं नशीब! तू तुझा टीव्ही बघ!" पहाटे पहाटे ती अंगणात आली तरी अजून पाय थांबत नव्हते.

सोमवारी उजाडताच ती फुटकं विमान काखेत आणि लाकडी जोमेलला ओढणीच्या टोकात बांधून बेटिसला. दुलो रुसलेला होता. त्यानं पाठ फिरवली.

"कोया, काच नवी कर. गोंद नको. बिजागरी लाव. नखानं उघडली पाहिजे."

पाठ छिन्नी घासत राहिली.

"खुंटी काढ. नुसता बसला पाहिजे, उचलला की निघाला पाहिजे."

पाठ हलली. "आणि?"

"आणि डोळे बदल. समोर बघणारे कर."

आता दुलो वळला. आणि खरं सांगायचं तर तो घाबरला होता. "मला नाही येत ते. समोर बघणारं माणूस मी कधी केलंच नाही."

"मग बघून ये एखादं."

म्हातारा खरंच उठला. प्रवासी जीपगाड्यांच्या थांब्यावर जाऊन दुपारपर्यंत बसला, गाडी हाकणाऱ्यांच्या तोंडाकडं टक लावून. ते बिचारे चपापले. एकानं त्याला पुढं बसवून फुकट फिरवून आणलं. दुलो नंतर सांगायचा, ग्वाग्वात सरळ समोर बघणारा एकच ड्रायव्हर सापडला, बाकी सगळे पोरींकडं बघून गाडी चालवतात. त्या एकाचे डोळे तो मनात घेऊन आला. चार वेळा डोळ्यांची काच बदलली, चार वेळा रंग. स्योन शेजारी बसून राहिली. त्या दिवशी ती पंखांविषयी एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी म्हाताऱ्यानं पोरगं तिच्या तळहातावर ठेवलं. डोळे सरळ. जरा कंटाळलेले, जरा चिडलेले. अगदी "इमाऽऽ" म्हणतानाचे.

"हा जिवंत आहे," दुलो म्हणाला आणि स्वतःच दोन पावलं मागं सरकला.

मंगळवारी आठला जोमेलचा फोन आला. "बसतोय, इमा."

"थांब जरा," ती म्हणाली.

"थांबू? विमान काय तुझ्या…"

"थांब म्हणते ना!"

तिनं काच उघडली. त्याला बोटात धरला. आणि शपथेवर सांगते, त्या बाईचा हात त्या खुर्चीच्या वर असा अडला, की बाहेर एक अख्खा ट्रक मागं घेऊन वळून निघून गेला तरी तो खाली येईना. मग आला. तिनं त्याला बसवला, पट्टे नीट केले, काच लावली.

"बस आता," ती फोनमध्ये म्हणाली.

पंधरा मिनिटांनी घर थरथरलं. रस्त्यातून पुरिंग ओरडली, "अत्सी! गेलं! एकटंच गेलं! ये बाहेर!"

स्योन गेली नाही. ती टेबलापुढं खुर्ची ओढून बसली होती आणि तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काचेच्या कडेखाली होतं. जरा कुठं खुट्ट झालं की उघडायची आणि उचलायचा. बस्स. नाकाला खाज आली, खाजवली नाही. चुलीवरचं टोसिनो धुरायला लागलं, तिनं नुसता वास घेतला. गिऱ्हाईक आलं, हाका मारून गेलं. अर्ध्या तासानं पुरिंग आत आली, धूर बघून चूल विझवली आणि तिच्याकडं बघत उभी राहिली.

"अत्सी, लघवीला तरी जा. मी धरते बोट."

"तू टीव्ही बघतेस. तुझं लक्ष नसतं."

पाऊण तास झाला. अंगठा बधिर, नखाखाली निळं. पन्नास मिनिटं. फोन वाजला. स्योननं हात काढला नाही. पुरिंगनं फोन तिच्या कानाला लावला.

"इमा! दिवा लागलाच नाही! इमा, ऐकतीयस? लागलाच नाही!" पोरगं इतकं ओरडत होतं, की पुरिंगला सगळं ऐकू आलं आणि ती रडायला लागली.

"उतरलास?"

"उतरलो!"

"दोन्ही पाय?"

"कसले पाय?"

"जमिनीवर आहेत का?"

"आहेत की."

तेव्हा तिनं काच उघडली, त्याला उचलून टेबलावर मिठाच्या बरणीला टेकून बसवला आणि अंगठा तोंडात घालून चोखला.

"बरं," ती म्हणाली. "उद्या किती वाजता?"